स्टँड-अप पॅडलबोर्डिंगसाठी पर्यायी साधने

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग हा रुंद, तरंगत्या फळीवर उभे राहून एका लांब वल्ह्याच्या साहाय्याने पुढे जाण्याचा जलक्रीडाप्रकार आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'सप' असेही म्हटले जाते. या खेळासाठी खास घडवलेल्या फळ्या व वल्ही बाजारात मिळतात. तथापि सर्फिंगची मोठी फळी, विंडसर्फिंगची जुनी फळी, कयाक, कनूचे वल्हे यांपैकी काही ज्यांच्याजवळ आधीपासून आहे, त्यांना नवी खरेदी न करताही या खेळाची ओळख करून घेता येते. अशा पर्यायी साधनांची उपयुक्तता व मर्यादा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. फळी आणि वल्हे यांच्या बाबतीत बरीच तडजोड चालते. जीवरक्षक जाकीट आणि सुरक्षादोर यांच्या बाबतीत ती चालत नाही.

== पार्श्वभूमी ==

उभ्याने होडी वल्हवणे ही मानवाची जुनी सवय आहे. व्हेनिसचे गोंडोलाचालक उभ्यानेच वल्हे मारतात. म्यानमारमधील इनले सरोवरावरचे कोळी एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने वल्हे चालवतात. इस्रायलच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक 'हसाके' नावाच्या सपाट, रुंद फळीवर उभे राहून दुपाती वल्हे वापरतात. आजच्या पॅडलबोर्डिंगचा थेट वंश मात्र हवाई बेटांत सापडतो.

ओआहू बेटावरील वाइकीकी किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणाऱ्या तरुणांना 'बीच बॉइज' म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यापैकी काही जण मोठ्या सर्फबोर्डवर उभे राहून उलांडीच्या होडीचे वल्हे मारीत. उंचीवरून शिकाऊ मंडळींवर लक्ष ठेवता येई, दूरची लाट आधी दिसे आणि पर्यटकांची छायाचित्रेही टिपता येत. या संदर्भात लेरॉय व बॉबी आह चॉय या बंधूंची नावे घेतली जातात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांच्याजवळ या कामासाठी बनवलेले एकही साधन नव्हते. फळी एका खेळाची, तर वल्हे दुसऱ्याचे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फपटूंनी व्यायाम म्हणून हाच प्रयोग आरंभला. होडीची वल्ही उभ्या माणसाला आखूड पडतात हे अनुभवास आल्यावर त्यांनी लांब वल्ही करवून घेतली. खास 'सप'साठीच्या फळ्यांचा उद्योग त्यानंतरच उभा राहिला. तेव्हा घरच्या साधनांवर सुरुवात करणे ही या खेळातील पळवाट नव्हे. खेळाचा उगमच तेथे आहे.

== फळीची निवड ==

=== तरंगण्याचे गणित ===

जवळची फळी चालेल की नाही हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून ठरवता येते. पूर्ण बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूस सारते आणि एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून फळीचे आकारमान लिटरमध्ये जितके, साधारण तितके किलो वजन ती पेलते. त्यात फळीचे स्वतःचे वजनही धरावयाचे असते. ७० किलोचा माणूस १२ किलोच्या फळीवर उभा राहिला, तर ८२ लिटरची फळी नेमकी बुडण्याच्या काठावर असेल. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने तेथे दोन लिटरची सवलत मिळते, एवढेच. काठावर तरंगणारी फळी नवशिक्याच्या उपयोगाची नसते. तिचा पृष्ठभाग पाण्याबाहेर स्वच्छ राहावा यासाठी आकारमान माणसाच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट असावे, असा शिकवणाऱ्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

विंडसर्फिंगच्या बऱ्याच फळ्यांवर आकारमान छापलेले असते. जेथे ते नसते तेथे लांबी, रुंदी व जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा, त्याला एक हजाराने भागावे आणि येणाऱ्या लिटरांपैकी सुमारे साठ टक्के धरावेत. कडा व टोके निमुळती असल्याने उरलेला भाग कागदावरच राहतो. उदाहरणार्थ, २७५ सेंमी लांब, ५७ सेंमी रुंद व ७ सेंमी जाड अशा नऊ फुटी सर्फबोर्डचा गुणाकार ११० लिटर भरतो, पण प्रत्यक्षात ती फळी ६६ लिटरांच्या आसपास असते. सत्तर किलोच्या माणसाला ती उभ्याने पेलणार नाही. तिच्यावर तो लाट पकडतो तेव्हा फळी वेगात असते आणि पाणीच तिला वर उचलून धरते. थांबलेल्या फळीला हा आधार नसतो. मात्र हीच फळी घरातील पोहणाऱ्या, पस्तीस-चाळीस किलोच्या मुलाला उत्तम चालते.

आकारमानाइतकेच, किंबहुना नवशिक्याच्या दृष्टीने अधिक, महत्त्व रुंदीला आहे. तरंगत्या वस्तूचा कलंडण्यास होणारा विरोध लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६० सेंमी रुंदीच्या जागी ८० सेंमी रुंदी असेल तर, लांबी तीच राहूनही, हा विरोध जवळजवळ २.४ पट होतो. 'जरा रुंद' फळीवर एकाएकी उभे राहता येऊ लागते, त्यामागे मनोधैर्यापेक्षा हे गणित अधिक असते.

=== सर्फिंगची फळी ===

दहा-बारा फुटी जाड फळ्या, विशेषतः दोघांनी मिळून लाटेवर स्वार होण्यासाठी केलेल्या, या कामी येतात. आखूड फळ्यांचा विचार सोडून द्यावा. सर्फबोर्डचा पृष्ठभाग गुळगुळीत असून त्यावर मेण घासलेले असते. कोकणातल्या उन्हात हे मेण वितळून पाय घसरतात. उष्ण हवेसाठीचे कठीण मेण किंवा चिकटवण्याची फोमची चटई त्यावर उपयोगी पडते.

=== विंडसर्फिंगची फळी ===

पर्यायी साधनांत सर्वांत सोयीची फळी हीच म्हणावी लागेल. १९७० व १९८० च्या दशकांत विंडसर्फिंगची मोठी लाट आली, तेव्हा साडेतीन मीटरांहून लांब आणि दोनशे लिटरांच्या आसपास आकारमानाच्या फळ्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. नव्या आखूड फळ्या आल्यावर त्या जलक्रीडा मंडळांच्या कोठारांत धूळ खात पडल्या. शीड व डोलकाठी काढली की पॅडलबोर्डाला लागणारे बहुतेक सारे गुण तिच्यात आढळतात. मधोमध असलेले, वर-खाली होणारे पाते खाली सोडल्यास फळी सरळ रेषेत चालते. उथळ पाण्यात ते वर ओढून घ्यावे.

तिचे दोष मुख्यतः दोन. एक म्हणजे वजन: अशी फळी पंधरा-वीस किलोंची असते आणि डोक्यावरून वाहून नेणे एकट्याच्या आवाक्याबाहेर जाते. दुसरा दोष म्हणजे डोलकाठी बसवण्याची खाच नेमकी पाऊल पडते तेथे येते. तिच्यात पायाचे बोट अडकून इजा होऊ शकते, म्हणून ती रबरी तुकड्याने बुजवून घ्यावी. पृष्ठभाग खरखरीत असल्याने गुडघेही सोलवटतात. जुनी फळी पाण्यात नेण्यापूर्वी तपासणे अगत्याचे आहे. अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग आत जात असेल, हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल किंवा वजन अपेक्षेहून बरेच अधिक भरत असेल, तर आतील फोमने पाणी शोषले आहे असे समजावे.

=== कयाक आणि हवेच्या फळ्या ===

वर उघड्यावर बसण्याच्या प्रकारातील रुंद कयाकवर, विशेषतः मासे धरण्यासाठी घडवलेल्या, स्थिर पाण्यात उभे राहता येते. ज्यात पाय आत सरकवून बसावे लागते अशा अरुंद कयाकवर उभे राहण्याचा प्रयत्न करू नये.

हवा भरण्याची 'सप' फळी कुणाकडून मिळाली आणि पंप हरवलेला असला, तर मोटारीच्या चाकात हवा भरणारा छोटा कंप्रेसर जोडणीचा तुकडा लावून वापरता येतो. या फळ्यांना साधारणपणे १० ते १५ पीएसआय दाब लागतो. तेवढा दाब कंप्रेसर सहज देतो, पण त्याच्यातून हवा थोडी थोडी येते आणि फळीत चाकाच्या अनेक पट हवा मावते, त्यामुळे वेळ पुष्कळ लागतो. अर्धवट भरलेली फळी मधोमध वाकते व तिचा तोल ढळतो. उलटपक्षी पूर्ण भरलेली फळी भर उन्हात वाळूवर टाकून ठेवली, तर आतील हवा प्रसरण पावून सांधे उसवू शकतात.

पोहण्याच्या तलावातील हवेच्या गाद्या, ट्यूब, थर्माकोलचे ठोकळे ही या खेळाची साधने नव्हेत. ती वाऱ्याने माणसासकट वाहून जातात.

== वल्हे ==

सपाट पाण्यासाठी वल्ह्याची लांबी वल्हवणाऱ्याच्या उंचीपेक्षा सुमारे २० ते २५ सेंमी अधिक असते. कनूचे वल्हे दीड मीटरच्या आतच असते, म्हणून ते गुडघ्यांवर बसून वल्हवण्यासाठी योग्य. सुरुवातीचे दिवस गुडघ्यांवर काढावयाचे असल्याने हे उणेपण तितकेसे अडत नाही.

कयाकचे दुपाती वल्हे बहुधा २२० ते २४० सेंमी लांब असते. मधोमध वेगळे केल्यास त्याचा अर्धा भाग फारच आखूड ठरतो; अखंड ठेवून वरच्या पात्याच्या मानेपाशी धरल्यास खालच्या टोकापर्यंत सुमारे १८० सेंमी लांबी मिळते व मध्यम उंचीच्या व्यक्तीचे काम भागते. वरचे पाते चेहऱ्याजवळ येते आणि त्यावरून पाणी अंगावर ठिबकते, ही गैरसोय सोसावी लागते. कनूच्या वल्ह्याला ॲल्युमिनियमची नळी वा बांबू जोडून लांबी वाढवणारेही आहेत. जोड किमान तीस सेंमी एकमेकांत गेलेला असावा, नळीच्या कडा उघड्या नसाव्यात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वल्हे तरंगले पाहिजे. बांबूची पेरे बंद असल्याने तो तरंगतो. दोन्ही टोकांनी उघडी धातूची नळी मात्र पाणी भरून तळाशी जाते. किनाऱ्यालगत एकदा पाण्यात टाकून पाहिले की खात्री होते.

खास 'सप'च्या वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित कोन करून पुढे झुकलेले असते. पुष्कळ नवशिके ते उलटे, पळीसारखे पाणी ओढून घेईल असे धरतात. पात्याचा कल पुढे, म्हणजे फळीच्या टोकाकडे, असावा.

== सुरक्षासाधने ==

होडीतील उतारूंना दिली जाणारी फुगीर, नारिंगी जाकिटे जीव वाचवतात, पण ती घालून वल्हवणे अवघड जाते. परिणामी ती फळीवर बांधून ठेवली जातात आणि गरजेच्या क्षणी अंगावर नसतात. कयाकपटूंचे आखूड, खांदे मोकळे ठेवणारे जाकीट या खेळास योग्य. युरोपीय मानकानुसार त्याचे उत्प्लावक बल किमान ५० न्यूटन असते. ते पोहता येणाऱ्याला आधार देते. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी देत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ मध्ये, लाटांचा व पोहण्याचा पट्टा वगळून इतरत्र, पॅडलबोर्डला 'जलयान' ठरवले व प्रत्येक व्यक्तीसाठी जाकीट सोबत ठेवणे बंधनकारक झाले.

माणूस पडला की फळी वाऱ्याबरोबर पुढे निघून जाते, आणि पोहून तिला गाठणे पुष्कळदा अशक्य होते. म्हणून फळी व माणूस यांना जोडणारा दोर, म्हणजे लीश, आवश्यक असतो. सर्फिंगचा घोट्याला बांधायचा दोर समुद्रात व स्थिर पाण्यात चालतो. नदीच्या प्रवाहात मात्र तोच घातक ठरतो. दोर एखाद्या फांदीत वा खांबात अडकला, की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोहोचत नाही. वाहत्या पाण्यात कमरेच्या पट्ट्याला जोडलेला, एका झटक्यात सुटणारा दोरच वापरावा लागतो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट येथे पूर आलेल्या नदीतील बंधाऱ्यावरून पॅडलबोर्डवाल्यांचा गट खाली गेला आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशीत बंधाऱ्याची आधी न केलेली पाहणी, मार्गदर्शकाची अपुरी पात्रता यांबरोबरच अयोग्य दोरांचाही प्रश्न पुढे आला. बंधाऱ्याखाली पाणी स्वतःभोवती उलटे फिरत राहते आणि तरंगती वस्तू त्या वळशातून बाहेर पडत नाही. महाराष्ट्रातील अनेक नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. वरून पाहता पाण्याची एक सरळ, निरुपद्रवी रेघ दिसावी असे ते असतात.

मोबाइल जलरोधक पिशवीत घालून अंगावर बाळगावा. फळीवर ठेवलेला मोबाइल फळीबरोबरच निघून जातो.

== पहिले धडे ==

जागा निवडताना कंबरभर खोलीचे, तळाशी वाळू असलेले, प्रवाह नसलेले पाणी पाहावे. प्रथम फळीच्या मध्यावर गुडघे टेकून वल्हवावे. पुढचे टोक पाण्यात घुसत असेल तर थोडे मागे, मागची बाजू बुडत असेल तर थोडे पुढे सरकावे. वल्हे आडवे धरून दोन्ही हात फळीवर टेकवावेत व एकेक पाऊल गुडघ्यांच्या जागी आणीत उठावे. पावले खांद्यांइतकी फाकलेली, फळीच्या मध्यरेषेच्या दोन बाजूंना समांतर आणि गुडघे किंचित सैल असावेत. नजर पायांकडे गेली की तोल जातो. ती समोर, दूरवर ठेवावी. थांबलेल्या फळीपेक्षा चालती फळी अधिक स्थिर असते, म्हणून उभे राहताच वल्हे मारू लागावे. पाते पुढे, पूर्ण बुडेल असे खोवावे, घोट्यापर्यंत आणावे आणि तेथेच बाहेर काढावे. त्यामागे ओढल्यास फळी वळते, वेग वाढत नाही. ओढ हातांची नसून कमरेची व पोटाची असते, हे दुसऱ्या दिवशी अंग दुखू लागले की कळते.

पडणे ठरलेलेच आहे. फळीवर न पडता पाण्यात, फळीपासून दूर पडावे. उथळ पाण्यात डोके पुढे करून पडू नये. पुन्हा चढण्यासाठी फळीच्या मध्यावर हात रोवावेत, पाय मारीत शरीर आडवे करावे आणि पोटावर सरकत वर यावे. उभे राहण्याचा सराव करण्यापूर्वी ही पुन्हा चढण्याची क्रिया दहा-पंधरा वेळा केलेली बरी. जुनी, जड फळी येथे अडचण ठरते. ती किनाऱ्याजवळच अनुभवलेली चांगली.

== वारा आणि भरती-ओहोटी ==

फळीवर उभा माणूस हेच एक शीड असते. ताशी अठरा-वीस किलोमीटरचा वारा किनाऱ्यावर सुखद वाटतो, पण नवशिक्याला त्याच्याविरुद्ध उभ्याने वल्हवता येत नाही. अशा वेळी गुडघ्यांवर यावे; तेही जमेनासे झाल्यास पोटावर झोपून, वल्हे छातीखाली दाबून, हातांनी पाणी मागे लोटीत परतावे. फळी सोडून पोहत निघणे ही सर्वांत मोठी चूक होय.

कोकण किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला मतलई व समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला खारा वारा म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळी कोळी मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. ज्याच्याजवळ शीड नाही त्याला हाच मतलई वारा फसवतो. हिवाळ्यातल्या सकाळी तो वाहत असताना किनाऱ्याजवळचे पाणी आरशासारखे असते, कारण वाऱ्याला लाटा उठवण्यास अंतरच मिळालेले नसते. फळी आपोआप वेगाने पुढे जाते आणि नवशिक्याला ते आपले कौशल्य वाटते. परत फिरल्यावर उलगडा होतो. म्हणून आरंभी वाऱ्याच्या समोर जावे व परतताना वारा पाठीशी घ्यावा, हा नियम सर्वत्र शिकवला जातो.

खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी नदीसारखे वाहते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते तेव्हा ही ओढ सर्वाधिक, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ती मंद असते. खाडीतील खडकांवर कालवे चिकटलेली असतात व त्यांच्या कडा पायाला कापतात. जुने कापडी बूट घातलेले असल्यास ही इजा टळते.

== स्पर्धा आणि भारतातील स्थिती ==

आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१२ मध्ये पेरू येथे भरवली. २०१९ च्या लिमा पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाला. हा खेळ सर्फिंगचा की कनूचा, यावर दोन आंतरराष्ट्रीय संघटनांत वाद झाला. २०२० मध्ये क्रीडा लवादाने ऑलिंपिक स्तरावर तो सर्फिंग संघटनेकडे सोपवला.

भारतात कर्नाटक व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर खेळाडू तयार होत आहेत. महाराष्ट्रात व गोव्यात मात्र तो मुख्यतः खाड्यांतील पर्यटनाच्या रूपात आढळतो. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कोकणचा समुद्र या खेळास सर्वथा वर्ज्य असतो. देशावरील धरणांचे जलाशय शांत दिसतात, परंतु तेथे उतरण्यास संबंधित खात्याची परवानगी लागते आणि काही ठिकाणी मनाईच आहे. सांडव्याच्या व विमोचकाच्या बाजूला तर कोणत्याही ऋतूत जाऊ नये. धरणाखालच्या नदीपात्रात पाणी सोडण्याच्या वेळा स्थानिक लोकांना ठाऊक असतात, त्या विचारूनच उतरावे.